आगामी कार्यक्रमांच्या आयोजक भाऊसाहेबांना खुले पत्र

कलाप्रेमी, कलापोषक, कलारक्षक श्रीमान आयोजक भाऊसाहेब
(आणि जागेअभावी जी विशेषणं पत्रिकेत राहून गेली असतील ती सर्व) यांच्या सेवेशी,

शि. सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, येत्या हंगामातील 'आगामी सांस्कृतिक कार्यक्रम' ही आपली पत्रिका मोबाइलवर पोचली. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आली, केळीच्या भावाच्या ग्रुपवर आली, आणि गल्लीत कुणी वारलं तर निरोप देण्यासाठी जो ग्रुप काढलाय, त्यावरही आली. तिथे सवयीने तिघाचौघांनी आपल्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहून हात जोडले. राग मानू नये. लोक हल्ली मजकूर वाचत नाहीत, नुसता फोटो बघतात.

फोटो मात्र झकास. वर उजवीकडे आपण, मध्यभागी आपण, खाली 'विनीत' म्हणून पुन्हा आपण, आणि तिन्ही ठिकाणी तेच जाकीट. चौथ्या कोपऱ्यात सरस्वती आहे. तिला जरा अंग चोरून बसावं लागलंय, पण ती घरचीच, समजून घेईल.

या कार्यक्रमांत गाणार कोण, नाचणार कोण, वाजवणार कोण, हे शोधायला मी चष्मा पुसून बसलो. शेवटी प्रायोजक सराफांच्या पत्त्याखाली सापडलं: 'व स्थानिक कलाकार'. एवढ्या गडबडीत आपण त्यांची आठवण ठेवलीत, हे थोडं नाही. 'व' सुद्धा गाळता आला असता.

सर्वांत आधी धूलकोटच्या भगोरियाबद्दल आभार मानतो. हे पत्र लांबचे वाचकही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. धूलकोट हे बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं, असीरगडापलीकडे सातपुड्यात वसलेलं गाव. आजूबाजूला बारेला समाजाचे पाडे. खाली चोपडा-यावलकडे ज्याला भोंगऱ्या बाजार म्हणतात, तोच इकडे भगोरिया. होळीच्या आधीच्या आठवड्यात ज्या गावाचा जो बाजारवार, त्या वारी त्या गावाचा भगोरिया. आज इथे, उद्या पलीकडे, असा तो आठवडाभर फिरतो. त्याला तारीख कुणी द्यावी लागत नाही. मजुरीसाठी महाराष्ट्रात नाहीतर गुजरातेत गेलेला माणूस फाल्गुनातल्या चांदाकडे बघून हिशेब करतो, मुकादमाकडून उचल घेतो आणि बरोबर त्या वारी बाजारात येऊन उभा राहतो.

म्हणजे इतकी वर्षं हे सगळं आयोजकाविना चाललं होतं. केवढी ही बेशिस्त! ती आपण मोडून काढलीत. आपण छापलंत: 'भव्य भगोरिया महोत्सव, उद्घाटन सायंकाळी ५ वाजता.' बाजार सकाळी भरतो. दुपारी मांदलवाले येतात, ऊन कलताना रंग चढतो, आणि पाचच्या सुमारास लांबच्या पाड्यांवरची माणसं पोरंबाळं, गूळ-चणे, नवी लुगडी पिकअपमध्ये चढवून परतीला लागतात. दिवसभर होऊन गेलेल्या गोष्टीचं संध्याकाळी उद्घाटन करण्याचा मान आजवर कुणालाच मिळाला नव्हता, तो आपल्याला मिळाला. अभिनंदन.

आपण स्वतः पाचला नाही, साडेसहाला आलात, याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. वेळेवर येणाऱ्याला आमच्याकडे मंडपवाला समजतात.

आपली गाडी आली तेव्हा रस्त्यात एक मांदल रंगात आला होता. ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगायला हवं: मांदल म्हणजे गळ्यात अडकवून वाजवायचा भलाथोरला ढोल. त्याच्या वजनाने वाजवणारा मागे झुकतो, आणि झुकल्यावरच त्याचा हात सुटतो. जोडीला थाळी, बासरी. भोवती मुलींचे घोळके, अंगावर चांदी, आणि एकेका घोळक्याचे कपडे एकाच रंगाचे, एकाच छापाचे. लांबूनच कळतं कोण कुठून आलंय. तेवढ्यात मंचावरून आपल्या निवेदकाचा आवाज आला, "कृपया हे वाजवणं बंद करा, सांस्कृतिक कार्यक्रम सुरू होत आहे." भाऊसाहेब, आपल्या सगळ्या कार्याचं सार इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणाला मांडता आलं नसतं. त्या निवेदकाला बढती द्या.

मग आपलं मार्गदर्शन झालं. आपण राजा भोजापासून सुरुवात केलीत. भोजाच्या काळात कासूमार आणि बालून या दोन भिल्ल राजांनी हे हाट सुरू केले, अशी जी कथा सगळीकडे सांगतात ती सांगितलीत. तिथून एका उडीत टंट्या मामांपर्यंत आलात. इंग्रजांनी ज्यांना १८८९ साली जबलपूरला फाशी दिलं, त्या टंट्या मामांच्या वाट्याला एक वाक्य आलं. आपण मंजूर करून आणलेल्या पाण्याच्या टाकीला पाव तास मिळाला. योग्यच आहे. टंट्या मामा काही पुढच्या निवडणुकीला उभे नाहीत.

बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आपण भगोरिया समजावून सांगितलात, त्याचे तर उपकार फिटणार नाहीत. आपण म्हणालात, हा प्रेमाचा बाजार. मुलगा मुलीच्या गालाला गुलाल लावतो, तिने उलट लावला की होकार, आणि दोघं पळून जातात. पाहुणे खूश! समाजातले शिकलेसवरलेले तरुण कधीपासून कानीकपाळी ओरडतायत की बाबांनो, हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. इथे आजीपासून नातवापर्यंत अख्खं घर येतं, गूळ घेतं, चणे घेतं, साखरेचे हार-कंकण घेतं, पूजेचं सामान घेतं, पाळण्यात बसतं, पै-पाहुण्यांना भेटतं. आमच्या सोयरिकी आमच्या रीतीने, घरच्यांच्या आणि पंचांच्या बैठकीत ठरतात. पण त्यांचं कोण ऐकणार? त्यांच्या हातात माइक नव्हता.

आपल्या या व्याख्यानाचा प्रसार चांगला झालाय. २०२२ साली अलीराजपूर जिल्ह्यातल्या वालपूरच्या भगोरियात भर रस्त्यावर, भर दिवसा मुलींशी जे झालं, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि पोलिसांना धरपकड करावी लागली. ते आपल्यामुळे झालं असं मी कसं म्हणेन? आपण तिथे नव्हता. आपण फक्त दरवर्षी आपल्या मंचावरून सांगता की इथे गुलाल लावला की मुलगी आपली. आता लांबलांबून पोरं येतात, ड्रोन उडवतात, नाच सोडून चेहरे टिपतात आणि त्यावर गाणी चढवून रील टाकतात. त्यांनी आपलं भाषण मन लावून ऐकलंय. इतके आज्ञाधारक श्रोते फार थोड्या वक्त्यांना लाभतात.

मांदलांची स्पर्धा लावलीत तेही बरं केलंत. एरवी ती माणसं नुसती वाजवायची, आपण हरलोय की जिंकलोय हे त्यांना कळतच नव्हतं. पहिलं बक्षीस आपल्या गाडीपुढे वाजवत आलेल्या पथकाला गेलं. परीक्षकांना कान असतात हे त्यातून सिद्ध झालं.

आता आपल्या तारखांविषयी. आपल्या या निमाडातल्या कलांना एक वाईट खोड आहे, त्यांची वेळ त्या स्वतःच ठरवतात. काठी घ्या. सजवलेली काठी घेऊन, ढाकेच्या तालावर गाथा गात पार्वतीची आराधना करणारी ही मंडळी देवउठनी एकादशीला निघतात आणि महाशिवरात्रीला थांबतात. गणगौर चैत्रात. भगोरिया फाल्गुनात. आमच्या मराठी मंडळींच्या दिंड्यासुद्धा आषाढी-कार्तिकीचं बोट सोडत नाहीत. अशा अडेल लोकांना घेऊन माणसाने कार्यक्रमपत्रिका बनवायची तरी कशी?

आपण बनवलीत. यंदा काठी १५ ऑगस्टला आहे. बरोबरच आहे, २००३ साली याच दिवशी आपला जिल्हाही वेगळा झाला, तेव्हा एका दीपप्रज्वलनात दोन्ही उरकतात. गणगौर १ नोव्हेंबरला, कारण मध्य प्रदेशाचा स्थापना दिवस त्या दिवशी येतो. आणि भगोरिया, फाल्गुनातला तर आहेच, शिवाय कुणी बडे पाहुणे हेलिकॉप्टरने उतरतील त्या महिन्यात त्या तारखेला. मुली तेच कपडे घालून उन्हात उभ्या राहतील, हेलिकॉप्टर उशिरा येईल, नाच हेलिपॅडजवळ होईल. बाजार नसेल, गूळ नसेल, होळी नसेल. त्यावाचून अडतं कुठे?

काठीचे म्हातारे भगत आपल्याला सांगायला आले होते. म्हणाले, "श्रावण आहे साहेब, देव अजून झोपलेत." आपण म्हणालात, "साउंड मोठा लावतोय, उठतील." उपस्थितांनी टाळ्या वाजवल्या. भगत कसे कोण जाणे, हसले नाहीत. या लोकांना विनोदाची जाण कमीच.

कलगी-तुऱ्याचं आपण सोनं केलंत. शाहिरीतला कलगी-तुरा मराठी वाचकांना ठाऊकच आहे, तुरेवाले शिवाचे, कलगीवाले शक्तीचे. तोच खेळ निमाडातही चालतो, आणि त्याची सुरुवात तुकनगीर गोसावी आणि शाहअली फकीर या दोघांपासून सांगतात. म्हणजे आपल्या राष्ट्रीय एकात्मतेच्या भाषणाला लागणारा सगळा माल त्यात आयता आहे, पण आपण तो वापरला नाहीत, हा आपला संयम. या खेळात एका पार्टीने कूट सवाल टाकायचा आणि दुसरीने जागच्या जागी जवाब बांधायचा. रात्र सरते, खेळ सरत नाही. आपण त्याला सात मिनिटं दिलीत. तुरेवाल्यांनी सवाल टाकला, डफावर थाप पडली, आणि निवेदकाने 'वेळेअभावी' म्हणत दोन्ही पार्ट्यांना नारळ दिला. सवाल अजून लटकलेला आहे. कलगीवाल्यांचे म्हातारेबुवा मला बाजारात गाठून जवाब ऐकवतात. जवाब चांगला आहे, भाऊसाहेब. कधी आपला एखादा सत्कार रद्द झाला तर त्या जागेत बसवून बघा.

यंदाच्या पत्रिकेत सर्वांत जास्त तारखा किशोरकुमारांच्या संगीत संध्येला आहेत. यावर मी कोण बोलणार! खंडवा शेजारी. किशोरदा १९२९ साली तिथे जन्मले, १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेले, आणि शेवटी देह मात्र खंडव्यालाच आला. तिथल्या सभागृहाला त्यांच्या आईवडिलांच्या नावांवरून गौरीकुंज म्हणतात, राज्य सरकार त्यांच्या नावाने दरवर्षी सन्मान देतं. तेव्हा आपल्या जिल्ह्याने त्यांना आठवू नये तर कुणी? फक्त आठवण्याची रीत आपण सुधारलीत. पूर्वी गाणाऱ्यामागे तबला, हार्मोनियम, एखादा बेंजो असायचा. आता पेनड्राइव्ह असतो. गाणारे व्यापारीबंधू, अधिकारीबंधू मोबाइलमध्ये डोळे घालून शब्द वाचतात, सुरावट मागून तयार येते, आणि ज्यांची बोटं त्या सुरावटीवर म्हातारी झाली ते तबलावाले, बेंजोवाले शेवटच्या रांगेत बसून ऐकतात. त्यांना तिकीट लावत नाही, हा आपला मोठेपणा.

एक लहानशी गोष्ट निवेदकाच्या कागदातून दर वेळी निसटते, म्हणून आठवण करून देतो. आणीबाणीत, १९७६ साली, सरकारच्या प्रचाराच्या कार्यक्रमात गायला किशोरदांनी नकार दिला. बदल्यात आकाशवाणी-दूरदर्शनवरून त्यांची गाणीच बंद झाली. साहेबांनी बोलावल्यावर गाणार नाही म्हणाले आणि त्याची किंमत मोजली. त्यांची गाणी आपण साहेबांच्या आगमनाला वाजवता, साहेबांच्या दोन सत्कारांच्या मधल्या भेगा बुजवायला वाजवता आणि साहेबांची गाडी निघेपर्यंत वाजवत ठेवता. माणूस अचाट विनोदी होता. हा विनोद मात्र त्यालाही सुचला नसता.

बऱ्हाणपूर शहरातल्या सभागृहाचं नाव मी घेत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. तिथे आपला निवेदक प्रत्येक कार्यक्रम मुमताजपासून सुरू करतो. कविसंमेलन असो, वधूवर मेळावा असो, मधुमेहावरचं व्याख्यान असो, सुरुवात १६३१ पासूनच. ती इथे बऱ्हाणपुरात वारली, तापीपलीकडे आहूखान्यात काही महिने विसावली, मग आग्र्याला गेली. हळहळ होते. मग कुंडी भंडारा येतो. १६१५ च्या सुमारास, खानखाना रहीम इथे असताना, सातपुड्याचं पाझरणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून नुसत्या उताराच्या बळावर शहरात आणलं. ना मोटर, ना वीज. ते पाणी अजून वाहतंय. ऐकून छाती फुगते. मग मध्यंतर होतं, आणि फुगल्या छातीने स्वच्छतागृहात जावं तर नळाला पाणी नाही. बाहेर रांगेत कळतं की मोटर जळली आहे आणि दुरुस्तीचा अर्ज वर गेलाय.

बायकांची पथकं दुपारपासून येऊन बसतात. त्यांना लुगडी बदलायला आपण मंचामागचा कोपरा देता, आडोसा म्हणून आपलाच मागच्या वर्षीचा फ्लेक्स बांधता. तिथून आपण हात जोडून हसत असता. एक म्हातारी म्हणाली, आधी याचं तोंड भिंतीकडे करा, मग लुगडं बदलते. लहान मुलांनी तो उलटा बांधला. नोंद असावी म्हणून सांगितलं.

आम्हा मराठी घरांवरही आपली कृपादृष्टी आहे. मराठी नाटकाची गाडी जळगावपर्यंत येते आणि परत फिरते, नाही तर थेट इंदूरला जाते. इंदूरला 'सानंद'ची मंडळी सभासद होऊन, वर्गणी भरून नाटक बघतात, आणि सभासद इतके की एकाच नाटकाचे प्रयोग वेगवेगळ्या गटांसाठी पुन्हा पुन्हा लावावे लागतात. त्या गटांना नावं आहेत: रामूभैया दाते, राहुल बारपुते वगैरे. आपल्याला वाटेल, हे कुणी देणगीदार असतील. नाही हो. दाते गाणं ऐकणारे होते. नुसतं ऐकत असत, आणि असं ऐकत की मोठमोठे गवई त्यांच्यासमोर गायला आतुर असत. बारपुते हिंदी दैनिकाचे संपादक, गाण्या-नाटकाचे सोबती. म्हणजे त्या शहराने नाव दिलं ते खुर्चीत बसणाऱ्याचं, फीत कापणाऱ्याचं नाही. असली उफराटी उदाहरणं आपल्या कानावर घालताना मला संकोच वाटतो.

आणखी एक, लगेच विसरा हवं तर. कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते क्षयाने आजारी होऊन. गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानी येत राहिली, ती त्यांनी साठवली, आणि पुढे आपल्या गाण्यात आणली. त्या बायकांना आधी दीपप्रज्वलनासाठी कुणी उन्हात उभं केलं नव्हतं, त्यांच्या गाण्याआधी कुणी प्रास्ताविक केलं नव्हतं. कुमारजींना प्रास्ताविकावाचून ऐकावं लागलं. केवढी गैरसोय!

असो. आम्ही आपल्याकडे मराठी नाटक मागितलं, आपण मराठी संगीत संध्या दिलीत. तिच्यात एक अभंग झाला, दीड लावणी झाली, आणि उरलेला वेळ पुन्हा किशोरकुमार. लावणी अर्ध्यावर का थांबली, असं बायको विचारत होती. तिला सांगितलं, अग, पाहुणे आले.

मानधनाबाबत आपली पद्धत तर आदर्श आहे. पाहुण्यांना शाल, स्मृतिचिन्ह, फेटा आणि सुक्या मेव्याची पेटी. कलाकारांना नारळ आणि प्रमाणपत्र. धूलकोटकडून पिकअपचं भाडं पदरचं भरून आलेलं पथक मध्यरात्री असीरगडाचा घाट चढून परत जातं. पैशासाठी आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, पथकप्रमुखाचा अर्ज, सरपंचाचा दाखला, हे सगळं त्यांनी दिलं आहे. कुणाच्या तरी नावातली वेलांटी ऱ्हस्व-दीर्घाने चुकली, म्हणून फाइल अडली आहे. आपण म्हणालात, कलेला पैशात मोजू नये. खरं आहे. डिझेलला मोजावं लागतं, एवढीच अडचण.

पुढच्या तीन रांगांतल्या सोफ्यांबद्दलही लिहायचं होतं, पण सोफे नेहमी रिकामेच असतात आणि रिकाम्या सोफ्यांनी कुणाचं काय बिघडवलंय? मागे लोक उभे असतात. उभ्याने टाळ्या जोरात वाजतात, असं आपलं निरीक्षण असावं.

आता एक नम्र विनंती. यंदा धूलकोटच्या भगोरियाला आपण यावं. अगदी अगत्याने यावं. फक्त दुपारी या, आणि गाडी बाजाराबाहेर ठेवून पायी या. निवेदकाला घरी सोडा. त्याचाही घसा बसलाय. गूळ घ्या, चणे घ्या. मांदलापुढे उभे राहा. नाचायला कुणी ओढलं तर जा, नाही ओढलं तर वाईट वाटून घेऊ नका. आपलं नाव कुणी पुकारणार नाही, आपल्याला कुणी हार घालणार नाही. हारावाचून चैन पडत नसेल तर साखरेचा हार कुठल्याही पथारीवर मिळतो, पैसे देऊन घ्यावा. दोन तास असे काढता आले, तर पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत 'व स्थानिक कलाकार' याऐवजी काय छापायचं, ते आपल्याला तिथेच विचारता येईल. त्या सगळ्यांना नावं आहेत, आणि विचारल्यावर ते सांगतात.

कळावे, लोभ असावा, वाढत असल्यास थोडा कमी व्हावा, ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
जिची खुर्ची आपण पाहुण्यांच्या चालकासाठी उचलून नेलीत, अशा रांगेतला एक प्रेक्षक

ता. क. नव्या हंगामाचे फ्लेक्स छापायला गेलेत असं कळलं. या खेपेला जरा जाड कापडावर छापून घ्या, आणि चेहरा मध्ये न घेता कडेला घ्या. गेल्या वर्षीचा मोठा फ्लेक्स पाड्यावर एकाने मक्याच्या ढिगावर पांघरला होता. भादव्यापर्यंत टिकला, मग नेमका आपल्या कपाळातून गळायला लागला.